होमगार्ड, प्रादेशिक सेना : कायदा आहे, मग कामाच्या दिवसांची हमी का नाही?

मानधनाचा दर वाढतो. पण निधी आटला की बोलावणे थांबते. अर्धवेळ दलांचे हे गणित समजून घेऊ

केदारखेडा (जि. जालना) : राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी असो, गणेश विसर्जन असो की निवडणूक, भोकरदन तालुक्यात बंदोबस्ताला खाकीतले होमगार्ड हमखास दिसतात. बंदोबस्त संपला की हीच माणसे पुन्हा शेतात किंवा दुकानात कामाला लागतात. केदारखेड्यासारख्या गावातील तरुणासाठी अर्धवेळ गणवेशाचे दोन मार्ग आहेत. एक पोलिसांच्या मदतीला असलेले होमगार्ड, दुसरा लष्कराच्या मदतीला असलेली प्रादेशिक सेना, म्हणजेच टेरिटोरियल आर्मी. दोन्हींना स्वतंत्र कायद्याचा आधार आहे. तरीही सरकारी खर्चाला कात्री लागली की अशा दलांना फटका बसतो. असे का होते?

कायदा काय सांगतो?

डिसेंबर १९४६ मध्ये दंगलींच्या पार्श्वभूमीवर मुंबईत होमगार्डची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी मुंबई होमगार्ड अधिनियम, १९४७ आला. प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले.

प्रादेशिक सेनेच्या कायद्यातील कलम ७-अ महत्त्वाचे आहे. सेवेवर बोलावलेला माणूस परतल्यावर त्याला पुन्हा कामावर घेण्याचे बंधन हे कलम मालकावर घालते. म्हणजे मूळ नोकरीला संरक्षण आहे. मात्र कुणाला, कधी आणि किती दिवस बोलवायचे, हे सरकार ठरवते.

दर वाढला तर दिवस का घटू शकतात?

होमगार्ड हे नियमित कर्मचारी नाहीत. पण महिनाभराचा भत्ता राज्यातील पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरेल असा दर त्यांना द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये सांगितले. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये रोजचा भत्ता ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये केला.

आता साधा हिशेब करू. ५७० रुपयांप्रमाणे १८० दिवसांचे १,०२,६०० रुपये होतात. तेवढ्याच पैशांत नव्या दराने ९५ दिवसही भरत नाहीत. तरतूद त्याच प्रमाणात वाढली नाही, तर दिवस तरी घटतात किंवा माणसे तरी. न्यायालयाने दराचा प्रश्न सोडवला, दिवसांचा नाही.

ही भीती काल्पनिक नाही. उत्तर प्रदेशात न्यायालयाच्या आदेशानंतर भत्ता ५०० वरून ६७२ रुपये झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथे खर्चाचे कारण देत सुमारे २५ हजार होमगार्डची ड्युटी थांबवण्याचा आदेश निघाला. दिवाळी तोंडावर होती. मोठी ओरड झाल्यावर सरकारला सारवासारव करावी लागली.

प्रादेशिक सेनेची स्थिती वेगळी आहे का?

फारशी नाही. ६ मे २०२५ रोजी केंद्राने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेला पाचारण करण्याचे अधिकार दिले. ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन तैनात करण्यास मंजुरी मिळाली. त्याच आदेशात एक अट आहे : अर्थसंकल्पात निधी असेल किंवा अंतर्गत बचतीतून तो वळवता येत असेल, तरच तैनाती करावी. दुसऱ्या मंत्रालयाने बटालियन मागितली, तर खर्च त्या मंत्रालयाने सोसावा.

मराठवाड्यात वृक्षलागवडीसाठी छत्रपती संभाजीनगरमध्ये प्रादेशिक सेनेची पर्यावरण बटालियन आहे. माजी सैनिकांच्या अशा बटालियनचा खर्च केंद्रीय पर्यावरण खाते किंवा संबंधित राज्य उचलते. म्हणजे गणवेश लष्कराचा असला तरी तिजोरी दुसऱ्याची असते. त्या तिजोरीचा प्राधान्यक्रम बदलला, तर बटालियनचे काम अडचणीत येते.

लोकप्रतिनिधी काय करू शकतात?

ब्रिटनचे उदाहरण पाहू. ऑक्टोबर २००९ मध्ये तेथील सरकारने २ कोटी पौंड वाचवण्यासाठी टेरिटोरियल आर्मीचे नियमित प्रशिक्षण सहा महिने बंद ठेवण्याचे ठरवले. संसदेत सर्व बाजूंनी विरोध झाला आणि त्याच महिन्यात निर्णय मागे घ्यावा लागला. पुढे २०१४ च्या कायद्याने राखीव दलांच्या स्थितीचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवणे बंधनकारक केले. कपात होणार असेल, तर ती निदान सभागृहाच्या नजरेसमोर येते.

आपल्याकडे विधिमंडळ गृह खात्याच्या मागण्या मंजूर करते, तेव्हा होमगार्डची तरतूदही त्यात असते. त्या वेळी आमदारांनी तीन प्रश्न विचारायला हवेत : मंजूर निधीत प्रत्येकाला किती दिवस काम मिळेल? मागील भत्त्याची थकबाकी किती? आणि भत्ता किती दिवसांत खात्यावर जमा होईल? वर्षाला किमान किती दिवस बोलावणार, हे नियमात आले तर दरवाढीला खरा अर्थ येईल.

सामान्यांचा संबंध काय?

कमी होमगार्ड म्हणजे त्याच पोलिसांवर जादा ताण. शिवाय गावातील तरुण बंदोबस्तासाठी रोजंदारी सोडून येतो. पुढचे बोलावणे कधी येईल आणि पैसे कधी मिळतील याचा भरवसा नसेल, तर तो दुसऱ्यांदा येताना विचार करेल. अशी दले माणसांच्या स्वेच्छेवर चालतात. ती स्वेच्छा टिकवायची, तर १,०८३ रुपयांच्या आकड्याबरोबर दिवसांचा आकडाही जाहीर व्हायला हवा.