पितळेचा गळा

प्राध्यापकाला आवाज सहन होतो तो फक्त स्वतःचा. त्यातून मी मराठीचा! तेव्हा आमच्या शेजारी एक सॅक्सोफोनवाले राहायला आले, त्या दिवशी माझ्या कपाळाला आठी पडली, यात नवल ते काय? गृहस्थांनी उभे आयुष्य लग्नाच्या बँडात काढलेले. सारी आळी त्यांना 'मास्तर' म्हणे. शिकवतो मी आणि मास्तर ते, हेही एक शल्य होतेच. संध्याकाळी ते वाजवू लागले, की 'उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत' असे पुटपुटत मी खिडकी लावून घेई.

'वरातीचे नाही तर सिनेमातल्या क्लबाचे वाद्य!' असे एकदा मी त्यांना बोलूनही दाखवले. ते रागावले नाहीत. वाद्याचे तोंड काढून माझ्यापुढे धरत म्हणाले, "सर, अंग पितळेचं आहे, पण जीभ गवताची." खरेच! बोरूच्या जातीच्या गवताची एक पातळ पत्ती तिथे बांधलेली होती. सनईला जोडपत्ती असते, याला एकेरी. म्हणूनच सारे अंग धातूचे असूनही याची गणना क्लॅरिनेटच्या कुळात होते. बोरूने लिहिणाऱ्यांचा वारसा सांगणारा मी; थोडा ओशाळलो, आणि सवयीप्रमाणे पुस्तकांकडे वळलो.

वाद्याचा जनक अडॉल्फ साक्स. बेल्जियममधल्या दिनां गावी १८१४ साली जन्मला. बाप वाद्ये घडवणारा. पितळी वाद्यांचा जोर आणि पत्तीच्या वाद्यांचा मऊपणा एकाच नळीत नांदवावा, हा मुलाचा ध्यास. पॅरिसला आल्यावर १८४२ मध्ये बर्लिओझसारख्या संगीतकाराने वर्तमानपत्रात या नव्या सुराची तारीफ केली. २८ जून १८४६ रोजी पेटंटही मिळाले. पण प्रतिस्पर्ध्यांनी कज्जे लावले. १८५२, १८७३ आणि १८७७, असे तीन वेळा बिचाऱ्याचे दिवाळे वाजले. १८९४ मध्ये तो वारला. लष्करी बँडांनी त्याच्या वाद्याला आश्रय दिला. सिंफनीच्या वाद्यवृंदाने कायमचा पाट मात्र मांडला नाही.

त्याचे चीज झाले ते अमेरिकेत, जॅझमध्ये. १९३९ साली कोलमन हॉकिन्सने 'बॉडी अँड सोल' ध्वनिमुद्रित केले, त्यात मूळ चाल जेमतेम सांगून पुढे सारे स्वतःचेच बोलणे! आपल्याकडे 'काश्मीर की कली' (१९६४) मध्ये मनोहारी सिंगांनी याच वाद्याला रफींच्या गाण्यात रडते केले. आणि नागस्वरम वाजवणाऱ्याचे चिरंजीव कद्री गोपालनाथ यांनी तर त्यावर कर्नाटक संगीत वाजवून १९९४ मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवापर्यंत मजल मारली.

किल्ल्यांनी सूर जागच्या जागी बांधलेल्या या वाद्यातून मींड निघते तरी कशी? मास्तर म्हणाले, "बोटांनी नाही, सर, ओठांनी. दाब जरा सैल केला, की सूर खाली झुकतो. माणसाचा गळा भरून येतो ना, तसा."

गेल्या वर्षी श्रावणात मास्तरांच्या घरच्या काकू गेल्या. दिवाळीत त्या दारी आकाशकंदील नव्हता. पाडव्याच्या संध्याकाळी घरोघरी औक्षणाची तबके फिरत असताना मी भेटायला गेलो. महाविद्यालयातल्या प्रत्येक शोकसभेत भाषण करणारा मी; चार वाक्ये मनात जुळवूनही नेली होती. मास्तर पाटावर एकटेच बसलेले दिसले आणि त्यांतले एकही ओठांवर येईना. काकूंनाही आमच्या लावलेल्या खिडकीचा आवाज रोज ऐकू जात असेल, एवढेच मनात आले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मास्तरांनी पेटी उघडली, पत्ती ओठांत भिजवली आणि काकूंच्या आवडीची एक जुनी चाल हळू आवाजात वाजवली. मध्येच सूर फाटला. थांबून, श्वास घेऊन त्यांनी ती पुरी केली. "रोज हिला विचारून वाजवायचो," एवढेच म्हणाले.

साक्सने ही नळी फौजेच्या बँडासाठी घडवली खरी. पण तिच्यात फुंकला जातो तो माणसाचा श्वास, आणि श्वासाला खोटे बोलता येत नाही. शब्दांना ते फार सहज जमते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

यंदाही उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आहेच. खिडकी मात्र मी उघडी ठेवली आहे.