ओसरीवरून : पाणथळीवरील सूर्योदय

पहाटे उठणें हा आमच्या घराण्याचा कुलाचारच होय. परंतु सूर्योदय हा अर्घ्य देण्याचा विषय आहे, छायाचित्र घेण्याचा नव्हे, अशी आमची समजूत गेल्या पौषापर्यंत होती. ती आमच्या धाकट्या नातवानें मोडली, आणि त्याच वेळीं आमची एक चूकहि उघडी पडली. ती वाचकांपासून लपवून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

नातवानें नवा कॅमेरा घेतला होता. "आजोबा, नांदूरमध्यमेश्वरला येतां का? थंडी सोसवेल ना?" असें त्यानें विचारतांच घरांतील सर्वांनीं आमच्या वयाकडे बोट दाखविलें, त्यामुळेंच आम्ही हट्टानें निघालों. नाशिक जिल्ह्यांत, निफाड तालुक्यांत, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभीं बंधारा बांधला गेला. त्याच्यामागें वर्षानुवर्षें गाळ सांचला, बेटें व दलदल तयार झाली, पाणवनस्पति माजल्या, आणि शेतीसाठीं केलेली सोय पक्ष्यांचें वसतिस्थान बनली. इराणांतील रामसर येथें १९७१ सालीं पाणथळींच्या रक्षणाचा जो करार झाला, त्याच्या यादींत महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ म्हणून याचेंच नांव २०२० च्या जानेवारींत जाहीर झालें.

चापडगांवच्या कांठावर आम्ही काळोखांत पोहोंचलों. निफाडची थंडी ती. कानटोपींतूनहि कान झोंबत होते. "खरे रंग सूर्य वर येण्यापूर्वींच दिसतात, आजोबा," असें म्हणत नातवानें कॅमेरा तिपाईवर बसविला. आणि तसेंच झालें. रात्रीं हवा पाण्याहून अधिक थंड होते, म्हणून पाण्यावरून उठणारी वाफ तत्काळ निवून तिचें धुकें बनतें. त्या धुक्यावर प्रथम जांभळी, मग केशरी छटा चढली. क्षितिजाजवळील प्रकाशास वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो. निळे किरण वाटेंतच विखुरतात व तांबडे तेवढे आपल्यापर्यंत पोहोंचतात. नातू उजेडाचें माप पाण्यावरून न घेतां आकाशावरून घेत होता. नाहीं तर आकाश पांढरें फटफटीत येतें, असें त्यानें आम्हांस शिकविलें. आम्हीं त्यास उलट शिकविलें तें इतकेंच कीं, बिंबाची खालची कड क्षितिजास टेकलेली दिसते, तेव्हां किरणांच्या वक्रीभवनामुळें तसें भासतें. वस्तुतः जवळजवळ सगळें बिंब अद्याप क्षितिजाखालींच असतें.

समोरच्या बेटावर नारिंगी रंगाच्या पक्ष्यांचा थवा माना पंखांत खुपसून बसला होता. हेच चक्रवाक. रात्रीं जोडप्याची ताटातूट होते आणि सूर्योदयीं पुनर्मीलन, हा कविसंकेत आम्हीं तीस वर्षें वर्गांत समजावून दिला. प्रत्यक्ष चक्रवाक मात्र त्या दिवशीं प्रथमच पाहिला. लडाख, तिबेट अशा उंच प्रदेशांत त्यांची वीण होते व हिवाळ्यापुरते ते आपल्याकडे येतात.

सूर्य वर आला. नातू स्वस्थ बसून होता. आम्हांस मात्र तें चित्र रिकामें वाटूं लागलें. पक्षी उडाले तर बहार होईल, असें मनांत आलें, आणि वर्ग गप्प करण्याच्या जुन्या संवयीनें आम्हीं दोनदां जोरानें टाळी वाजविली. सारा थवा ओरडत उठला. कॅमेऱ्याची कळ दाबली गेली, आणि चित्र अप्रतिम आलें!

बरोबर आलेला गांवचा वाटाड्या तरुण कांहीं वेळ बोलला नाहीं. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, रातभर गारठलेत ते. आत्तां ऊन अंगावर घेऊन चरायला लागले असते. दिवसांत चार माणसांनीं असं केलं, तर त्यांनीं खावं कधीं?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ज्या घटकेस चक्रवाकांचें मीलन व्हावें असें आम्ही जन्मभर सांगत आलों, त्याच घटकेस आम्हीं त्यांची पांगापांग केली होती.

घरीं परतल्यावर नातवानें दोन चित्रें मांडलीं : एक उडत्या थव्याचें, दुसरें टाळीपूर्वीचें, त्यांत धुकें, शांत पाणी आणि बेटावर नारिंगी ठिपके. माजघरांतील मंडळींनीं एकमुखानें पहिलें पसंत केलें. नातू आमच्याकडे पाहात राहिला. टाळीची हकीकत त्यानें कोणास सांगितली नव्हती. ती आम्हींच सांगितली. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग आमच्या थोरल्या सूनबाईंनीं दुसरें चित्र उचललें व देवघराबाहेरील भिंतीवर टांगलें.

यंदा ज्या घरचीं मुलें कॅमेरा घेऊन पाणथळीवर जाणार असतील, त्यांनीं अंधारांत जाऊन बसावें, कांठापासून दूर राहावें, वर आलेल्या सूर्याकडे भिंगांतून डोळा लावून पाहूं नये, आणि पक्षी आपल्या मर्जीनें उडेपर्यंत वाट पाहावी. बरोबर आजोबा असल्यास त्यांचे हात शालींत आहेत ना, एवढें पाहून घ्यावें.