गळ टाकणाऱ्यांच्या वह्या आणि कावेरीतून नाहीसा होत गेलेला मासा

१९४६ साली म्हैसूरजवळ कबिनी नदीत जे. डी वेट व्हॅन इन्जेन यांच्या गळाला एक महसीर लागला. वजन भरले १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो. भारतात गळाने धरलेल्या महसीरांमध्ये हाच विक्रम आजवर सांगितला जातो. विलक्षण गोष्ट अशी की, कावेरी आणि तिच्या उपनद्यांत वाढणाऱ्या या महाकाय माशाची शास्त्रीय ओळख निश्चित व्हायला २०१८ साल उजाडले. आणि त्याच वर्षी आययूसीएनच्या लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. (थ्रेड)

ज्याची सगळ्यांना माहिती होती तो मासा कोणाच्या लक्षात न येता नाहीसा कसा होत गेला, या प्रश्नाचे उत्तर सरकारी दप्तरात सापडत नाही. ते सापडले हौशी मासेमारांच्या रोजच्या वहीत. आपल्याकडे वाघाच्या शिकारीवर भरपूर लिहिले गेले, पण गळ टाकून बसलेल्या माणसाला इतिहासकारांनी रिकामटेकडा समजून बाजूला ठेवले. ही चूक महागात पडली आहे.

करमणुकीसाठी मासे धरणे हा साहेबाने आणलेला छंद, अशी एक समजूत आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (इ.स. ११३१ च्या सुमारास) ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. मराठी वाचकांना हा ग्रंथ त्यातल्या प्राचीन मराठी ओळींमुळे ठाऊक असतो. मत्स्यविनोदाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कसले खाद्य घालून एका जागी सवय लावायची आणि मग गळ कसा टाकायचा, हे सारे त्यात येते. आधी चारा टाकून मासा जमवणे ही आजच्या तलावाकाठची युक्ती नऊशे वर्षांपूर्वी राजाच्या करमणुकीचा भाग होती. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५० च्या सुमारास या प्रकरणावर निबंध लिहिला, तेव्हा कुठे अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले.

वसाहतकाळात या छंदाला नवी साधने मिळाली आणि त्यासोबत लिहून ठेवण्याची सवय आली. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले. हा गृहस्थ दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर होता. इंग्लंडहून येणाऱ्या अधिकाऱ्याला सामन आणि ट्राउट एवढेच मासे प्रतिष्ठित वाटत. महसीर या दोघांच्या तोडीस तोड आहे, किंबहुना ताकदीत सरसच, हे थॉमसने हिरिरीने मांडले. महसीराच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. पण त्याच्या तोंडाची पकड अशी की, साधा गळ वाकतो किंवा मोडतो. त्यामुळे सामनसाठी घडवलेली नाजूक सामग्री इथे उपयोगाची नव्हती. जाड गळ हवे होते, आणि पाण्यात चकाकत फिरणारा धातूचा चमचा भक्कम कड्यांनी जोडलेला हवा होता. दोरी तर रिळावर शंभर वारांहून अधिक असावी लागे, कारण गळ लागताच हा मासा प्रवाहाच्या दिशेने एकच मुसंडी मारतो.

याच मंडळींनी नद्यांसाठी नियमही मागितले. सुरुंगाची दारू फोडून डोहच्या डोह मारणे, वनस्पतींचे विष कालवणे, बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले उपसणे यांविरुद्ध थॉमस आणि मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७० च्या दशकात अहवाल लिहिले. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने दारू आणि विष यांवर बंदी घातली. जाळ्याच्या आसाचे माप ठरवण्याचा आणि एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा अधिकारही प्रांतिक सरकारांना दिला. कायदा चांगला होता, हे मान्य करायला हवे. पण त्याचा रोख पाहण्यासारखा आहे. पोटासाठी जाळे टाकणारा त्यात संशयित आहे, हौसेसाठी गळ टाकणारा नाही. नदी अडवणारे तर त्यात कुठेच नाहीत. १९११ मध्ये कृष्णराजसागराचे काम सुरू झाले, १९३४ मध्ये मेट्टूर धरण पुरे झाले, आणि पुरासोबत वर चढून अंडी घालणाऱ्या माशाची वाट बंद झाली. जाळ्याचा आस मोजणाऱ्या कायद्याला धरणाची भिंत मोजता आली नाही.

या काळातल्या नोंदी वाचताना सावध राहावे लागते. साहेब लिहीत असे तो सर्वांत मोठ्या माशाबद्दल. फोटो निघायचा तो मोठ्याचा; पेंढा भरून दिवाणखान्यात टांगला जायचा तोही मोठाच. व्हॅन इन्जेन घराण्याचा तर म्हैसुरात शिकारीच्या जनावरांत पेंढा भरण्याचाच व्यवसाय होता. सकाळपासून सांजेपर्यंत बसून हाती काही न लागलेले दिवस क्वचितच कागदावर उतरले. आणि नदीची खरी अवस्था कळते ती अशाच दिवसांवरून. डोह दाखवणारा, टोपलीसारखी गोल होडी वल्हवणारा, पाण्याच्या रंगावरून मासा वर येणार की नाही हे सांगणारा स्थानिक माणूस या पुस्तकांत बहुधा बिननावाचा आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कावेरीच्या काठी, भीमेश्वरी आणि गालिबोरे येथे, हौशी मासेमारांचे तळ उभे राहिले. नियम कडक होते: मासा धरायचा, वजन करायचे, जिवंत सोडायचा. आमिष अस्सल दाक्षिणात्य, शिजवलेल्या नाचणीच्या पिठाचे गच्च गोळे. मार्गदर्शक आसपासच्या गावांतले. त्यांतले काही पूर्वी याच नदीत चोरून मासे मारणारे. आणि तळावर एक वही. कोण किती तास बसला, काय लागले, वजन किती, माशाचे रूप कसे.

गालिबोरेच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी ब्रिटिश आणि भारतीय संशोधकांनी पुढे तपासल्या. सुमारे २३,६०० तासांची मासेमारी आणि सहा हजारांहून अधिक महसीर. तासामागे लागणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत गेलेली दिसली. एवढ्यावर कोणीही म्हणाला असता की, जिवंत सोडण्याचा नियम फळला, नदी भरभराटली. पण सरासरी वजन उतरत होते. आणि वहीतल्या किरकोळ शेऱ्यांवरून उघड झाले की, हे एका माशाचे आकडेच नव्हते. सुरुवातीच्या वर्षांत पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेले, सोनेरी छटेचे मासेही लागत होते. शेवटी शेवटी जवळजवळ सगळेच निळसर परांचे. मूळचा मासा संपत आला होता आणि एकूण बेरीज त्याचा शेवट झाकत होती.

निळ्या परांचा हा महसीर आला कुठून? लोणावळ्याहून.

वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महसीराचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्यासारखे जाणते मत्स्यतज्ज्ञ या कामाशी जोडलेले होते. धरणांमुळे घटणारा मासा तलावांत वाढवावा, देशभरातील नद्यांना बीज पुरवावे, हा हेतू त्या काळाच्या समजुतीप्रमाणे सर्वथा स्तुत्य होता, आणि काम तर मोलाचे होतेच. त्याच बीजातून ‘टॉर खुद्री’ ही जात कावेरीत सोडली गेली. महसीर म्हणजे महसीर, एवढाच तेव्हाचा हिशेब. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला हा काटक मासा नव्या पाण्यात रुजला, वाढला आणि तिथल्या वशिंडाच्या भाऊबंदाला मागे सारत गेला. बेकायदा मासेमारी, वाळूउपसा आणि आटलेला प्रवाह यांचा वाटाही मोठा आहे. पण वहीतला बदल इतका झपाट्याचा आहे की, बाहेरून आलेल्या जातीला त्यातून वगळता येत नाही.

कावेरीच्या माशाच्या नावातही पुण्याचा असाच हात आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विल्यम हेन्री साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी गोळा करत फिरत असे. १८३९ मध्ये त्याने इथल्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. लॅटिन शोधत बसण्यापेक्षा काठावरच्या लोकांची नावे उचलणे त्याला बरे वाटले असावे. त्याच्या यादीतला ‘सींघाला’ म्हणजे आपला शिंगाळा, हे ओळखायला कोश लागत नाही. मुळा-मुठेच्या महसीराला त्याने ‘खुद्री’ म्हटले आणि आणखी एका मोठ्या माशाला ‘मुसुल्ला’. हे दुसरे नाव पुढे भलत्याच पाण्यात गेले. कावेरीच्या वशिंडाच्या महसीराला कितीतरी वर्षे पुस्तकांतून ‘मुसुल्ला’ म्हटले जात होते. साइक्सचा मासा महसीरच नव्हे, हे अलीकडे दाखवून दिले गेले आणि कावेरीचा मासा पुन्हा बिननावाचा झाला. अखेर २०१८ मध्ये जनुकीय तपासणीतून तो केरळातल्या पांबार या कावेरीच्या उपनदीतून आधीच वर्णन झालेल्या ‘टॉर रेमादेवीआय’ या जातीचा ठरला. लाल यादीत जायला शास्त्रीय ओळख लागते. ती नसल्यामुळे या माशाची संकटकाळची वर्षे कोणत्याही यादीबाहेर गेली.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. कावेरी अभयारण्यात गळाने मासे धरणे हीदेखील शिकारच, असा वन्यजीव संरक्षण कायद्याचा अर्थ लावला गेला आणि २०१२ च्या सुमारास तिथली हौशी मासेमारी थांबली. बंदीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. धरून सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही, आणि अभयारण्यात पैसेवाल्या पाहुण्यांना एक नियम आणि गावकऱ्यांना दुसरा, हे १८९७ च्या कायद्यातले जुनेच दुखणे होते. तरीही बंदीचा हुकूम काढताना वहीचे काय करायचे, हा प्रश्न विचारायला हवा होता. मासेमार गेले, त्यांच्यासोबत काठावरचा पहारा गेला, आणि चौदा वर्षे अखंड चाललेली नोंद तुटली. वनखात्याला तीच वही त्याच मार्गदर्शकांच्या हातून पुढे चालवता आली असती. गळ नको होता तर नको; मोजणी तरी राहिली असती.

कोणी म्हणेल, काही परदेशी पाहुण्यांच्या फावल्या वेळेच्या नोंदींना दस्तऐवज काय म्हणायचे? पण बखरही दरबारातल्या माणसाने आपल्या धन्यासाठीच लिहिलेली असते. ती पारखून वाचतात, फेकून देत नाहीत. वहीतही खोट असणार. वजन अंदाजाने लिहिलेले असेल, लहान मासे सोडून दिलेले असतील. पण तास आणि संख्या शेजारी शेजारी लिहिलेली अशी मालिका भारतातल्या फार थोड्या नद्यांच्या वाट्याला आली आहे.

लिहिण्याच्या सवयीखेरीज राखण्याची आणखी एक रीत आपल्याकडे आहे. महाड तालुक्यात वाळणकोंडच्या डोहात महसीर धरायचे नाहीत. ते देवीचे मासे. देहूला इंद्रायणीतल्या माशांनाही तोच मान. इथे परवाना, हंगाम किंवा आसाचे माप असले काही नाही, पण वहीही नाही. त्यामुळे या डोहांत पन्नास वर्षांपूर्वी किती आणि कोणते मासे होते, हे सांगायला काठावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींखेरीज काही उरत नाही, आणि त्या आठवणी टिपून घेण्याचे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी अद्याप हाती घेतलेले नाही.

वशिंडाचा महसीर अजून पुरता गेलेला नाही. नीलगिरीच्या पायथ्याला वाहणाऱ्या मोयार नदीत त्याची थोडी वस्ती शिल्लक आहे. २०१८ ची ओळख तिथल्याच माशांवरून पटली. मोयार पुढे भवानीत मिळते, आणि भवानी कावेरीत.