घर कोणाचे, जबाबदारी कोणाची?

बरगीचे धरण हे नर्मदेवर पूर्ण झालेले पहिले मोठे धरण. १९७४ साली त्याचे बांधकाम सुरू झाले, आणि १९९० साली जलाशय भरला तेव्हा जबलपूर, मंडला व सिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावे त्याच्या तडाख्यात सापडली. सरकारी हिशेब १०१ गावांचा होता. उरलेल्या गावांना पाण्यानेच नोटीस बजावली. विस्थापितांत मोठा भाग गोंड आदिवासींचा. जमिनीच्या बदल्यात जमीन त्यांना मिळाली नाही. हाती पडली ती तुटपुंजी रोख रक्कम; ती संपली, आणि काल नांगर धरणारी माणसे जबलपूरच्या रस्त्यांवर सायकलरिक्षा ओढू लागली.

हा इतिहास पक्षाच्या वाचकांना नवा नाही. त्याची एक बाजू मात्र विस्थापनाच्या चर्चेतही क्वचितच पुढे येते. त्या गावांत अशीही प्रौढ माणसे होती, जी दुसऱ्याच्या आधारावाचून जगू शकत नव्हती: बुद्धीने मागे राहिलेला भाऊ, मनाचा तोल गेलेली बहीण, दृष्टी गमावलेली आत्या. त्यांचे काय झाले? भूसंपादनाच्या कागदांत त्यांना स्थान नव्हते. १८९४ चा वसाहतकालीन कायदा खातेदार ओळखत होता. खातेदाराच्या ओसरीवर बसलेले माणूस ओळखत नव्हता.

शेतकरी कुटुंबात अशा माणसाचा भार एकट्या आईवर किंवा वहिनीवर पडत नसे, तो थोडाथोडा वाटला जाई. गुरे वळवून आणणे, खळ्यावर राखण करणे, मोहाची फुले वेचणे अशी कामे त्याच्या हातून होत. तो भरकटला तर शेजारचे त्याला घरी पोहोचवत. शहराच्या झोपडपट्टीत ही सारी व्यवस्था एका खोलीत कोंबली जाते. नवरा रिक्षावर, बायको धुणीभांड्यांना, मग दिवसभर त्या माणसाजवळ कोण बसणार? तेव्हा दाराला बाहेरून कडी लागते. ही कडी लावणारा हात निर्दय नसतो, लाचार असतो.

परंतु जुन्या गावाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. ज्याला बोलता येत नाही किंवा हिशेब कळत नाही, त्याला दोन वेळच्या भाकरीवर आयुष्यभर राबवून घेणारे मालगुजार आणि पाटीलही त्याच गावांनी पाहिले आहेत. मनोरुग्णाला साखळदंडाने बांधून ठेवण्याची रीतही तिथलीच. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका खाजगी 'आश्रयगृहा'ला आग लागली. तिथे साखळदंडाने जखडलेली २८ माणसे मेली. घर असो की आश्रम, जिथे बाहेरची नजर पोहोचत नाही तिथे दुबळ्या माणसाचे काय होते, ते त्या आगीने सांगितले.

कायदा आज काय म्हणतो? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे १९ वे कलम स्पष्ट आहे: कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा समाजात राहण्याची सोय उपलब्ध नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. कागदावर हा मोठाच विजय. प्रत्यक्षात, देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३६ टक्क्यांहून अधिक रहिवासी वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ तिथेच अडकलेले आढळले. महाराष्ट्राने तर वेगळीच युक्ती काढली. बरे झालेल्यांना मनोरुग्णालयातून काढून भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात पाठवण्याची ही पद्धत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१९ साली या राज्याला बजावावे लागले. एका कोंडवाड्यातून दुसऱ्यात, याला पुनर्वसन म्हणण्याचे धाडस फक्त नोकरशाहीच करू जाणे. बरगीच्या माणसाला तर तो पहिला कोंडवाडाही दूर आहे. मध्य प्रदेशाची मोठी मनोरुग्णालये ग्वाल्हेर आणि इंदूर येथे, शेकडो किलोमीटरवर. नागपूर त्यामानाने जवळ, परंतु १९५६ पर्यंत जबलपूरची राजधानी असलेले हे शहर आज परराज्यात मोडते.

या पार्श्वभूमीवर एका पर्यायाकडे गांभीर्याने पाहायला हवे. आधाराची गरज असलेल्या प्रौढ माणसाला संस्थेत न ठेवता एखाद्या कुटुंबात ठेवायचे, आणि त्या कुटुंबाला त्याचा मोबदला सरकारने द्यायचा. बेल्जियममधील गेल या गावात तेराव्या शतकापासून ही प्रथा चालत आलेली आहे. मनोरुग्ण तिथल्या संतिणीच्या देवळात नवस घेऊन येत, देवळात जागा उरली नाही की गावकऱ्यांच्या घरी राहत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारने ही व्यवस्था आपल्या देखरेखीखाली घेतली. १९३८ च्या सुमारास तेथील घरांत ३,७०० हून अधिक असे पाहुणे राहत होते. कुटुंबाला भत्ता मिळतो, परिचारिका नियमित घरी येते, दुखणे बळावले तर गावातच रुग्णालय आहे, आणि जमले नाही तर घर बदलून मिळते. पुण्यकर्म म्हणून सुरू झालेली ही प्रथा टिकली ती या चार गोष्टींमुळे. पुढे शेतीवर जगणारी, दिवसभर घरात कोणीतरी असणारी कुटुंबे घटली, नवी औषधे आली, आणि पाहुण्यांची संख्याही ओसरत गेली. याचा अर्थ, ही व्यवस्था घराच्या अर्थकारणावर उभी असते. ते ढासळले की केवळ माणुसकी तिला तोलून धरू शकत नाही.

आपल्या देशातही बीजे आहेत. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहू दिले. घरचे माणूस उपचारात सहभागी झाले तर रुग्ण लवकर घरी परततो, हे त्यांनी दाखवून दिले. चेन्नईच्या 'बॅनियन' या संस्थेने वर्षानुवर्षे रुग्णालयात पडून असलेल्या स्त्रियांना वस्तीतल्या भाड्याच्या घरात चार-पाच जणींच्या गटाने राहण्याची सोय करून दिली. परंतु परक्या कुटुंबात प्रौढांना ठेवण्याची कायदेशीर चौकट इथे नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संगोपनासाठी पालक कुटुंबाची तरतूद आहे, पण ती मुलांपुरती. माणूस अठरा वर्षांचा झाला की त्याला कुटुंबाची गरज उरत नाही, अशी कायदेकर्त्यांची समजूत दिसते.

ही चौकट उद्या तयार झालीच, तर सत्ताधारी वर्ग ती कशी वापरील, हे सांगायला ज्योतिषी नको. आशा कार्यकर्तीला 'स्वयंसेविका' म्हणायचे आणि वेतन नाकारायचे. अंगणवाडी सेविकेला 'मानधन' द्यायचे, आणि तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून ऐकून घ्यायचे. याच चालीने परक्या माणसाचे अंग पुसणाऱ्या, त्याला घास भरवणाऱ्या, रात्री त्याच्या उशाशी जागणाऱ्या बाईला उद्या 'सेवामूर्ती' ठरवले जाईल आणि मानधन हातावर टेकवून रुग्णालयाच्या खाटांचा खर्च वाचवला जाईल. आज तीव्र अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील माणसाला केंद्र सरकार जे निवृत्तिवेतन देते, ते २०१२ पासून दरमहा ३०० रुपयांवरच थिजले आहे. एवढ्या पैशात जो माणूस ठेवून घेईल, त्याचा डोळा त्या माणसाच्या श्रमावर असेल, हे उघड आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने जे दार बंद केले, ते पालक कुटुंबाच्या नावाने मागून उघडता कामा नये.

म्हणून मागणी अर्धवट मांडून चालणार नाही. सांभाळ हे काम आहे. त्याला किमान वेतनापेक्षा कमी दर नको. येणाऱ्या माणसाची स्वतःची संमती हवी, आणि ती त्याला केव्हाही मागे घेता आली पाहिजे. त्याने शेतात काम केलेच तर मजुरी त्याच्या खात्यात जावी. तपासणी महिन्याला व्हावी, आधी न कळवता, आणि ती करणारी परिचारिका सरकारची कायम नोकर असावी, कंत्राटदाराची नव्हे. संस्था चालवणाऱ्या धर्मादाय मंडळींना हे कडक वाटेल. वाटो.

बरगीचे विस्थापित अशी व्यवस्था पेलू शकतील का, असा प्रश्न जबलपूरच्या कचेरीतून हमखास विचारला जाईल. ज्या जलाशयाने त्यांची गावे गिळली, त्यातील मासेमारीचा हक्क त्यांनी १९९४ साली लढून मिळवला आणि ठेकेदाराच्या जागी स्वतःच्या सहकारी संस्था उभ्या केल्या. हिशेब ठेवणे, बैठका घेणे, वाटणीचे भांडण मिटवणे हे त्यांना शिकवावे लागत नाही. पैशाचा प्रश्न असेल, तर धरणावर ९० मेगावॅटचे वीजगृह इतकी वर्षे चालू आहे. त्या विजेच्या उत्पन्नातला पहिला वाटा कोणाचा, हे आधी ठरवावे.

दरम्यान याच जलाशयाच्या काठी, मंडला जिल्ह्यातील चुटका येथे, ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्यांचा प्रकल्प मंजूर होऊन बसला आहे. ज्यांना तिथून उठवायचे आहे, त्यांत बरगीने एकदा उठवलेली गोंड कुटुंबे आहेत. यावेळी कायदा थोडा बदललेला आहे: २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या व्याख्येनुसार प्रत्येक प्रौढ व्यक्ती, विवाहित असो वा नसो, पुरुष असो वा स्त्री, स्वतंत्र कुटुंब मानली जाते. म्हणजे ओसरीवर बसलेला तो भाऊ आणि दृष्टी गेलेली ती आत्या, ही दोन स्वतंत्र कुटुंबे झाली. सर्वेक्षणाचा कागद घेऊन येणाऱ्या तलाठ्याकडून त्यांची नावे घरमालकाच्या ओळीखाली नव्हे, वेगळ्या ओळीत लिहून घेणे, आणि त्यांच्याजवळ रात्री कोण झोपते हा रकाना त्या कागदावर भरून घेणे, हे काम गावातील कार्यकर्त्यांना पहिल्याच दिवशी करावे लागेल.