गारगोटीचं गाव

"मी दगड गोळा करतो" असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग विचारतो, "विकता का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "बरं, मग मकर राशीला कुठला खडा चालतो?" आमच्या नशिराबादेत हे इतक्यांदा झालंय की आता दुसऱ्या प्रश्नालाच मी चहा मागवून विषय बदलतो.

तर या छंदाबद्दल माझं एक मत आहे, आणि छंदवाल्या मंडळींनाही ते फारसं पटत नाही. दगडाला चकाकी आणणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. अवघड आहे ते त्याचं गाव लिहून ठेवणं. आणि गाव हरवलेला दगड कितीही चकाकला तरी माझ्या लेखी तो अर्धाच.

सोपी म्हणजे किती, ते सांगतो. आतून रबर लावलेलं एक छोटं पिंप आणि ते आडवं ठेवून मिनिटाला तीस-चाळीस फेरे फिरवणारी मोटर. पिंप दोन तृतीयांशाच्या थोडं वर भरायचं, दगड जेमतेम बुडतील इतकं पाणी घालायचं आणि वर कार्बोरंडमची भुकटी. पहिल्या आठवड्यात जाडी, ६०-९० नंबरची. मग २२०, मग ५००, आणि शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पॉलिश. दर टप्प्याला सात-आठ दिवस, म्हणजे महिनाभर घुर्र घुर्र चालू. (माझं पिंप गच्चीवरच्या खोलीत असतं. का, ते संसारी वाचकांना सांगायला नको.) प्रत्येक टप्प्यानंतर दगड आणि पिंप दोन्ही लख्ख धुवायचं, कारण जाड भुकटीचा एखादा कण पुढे गेला तरी शेवटी ओरखडे दिसतात. तो गाळ मात्र मोरीत ओतायचा नाही, नळीत बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. वीज गेली की थांबायचं, आली की पुन्हा सुरू. अक्कल कमी लागते, धीर जास्त.

खंबायतचे अकीक कारागीर हेच काम विजेशिवाय करत. मणी, पाणी आणि भुकटी चामड्याच्या पिशवीत भरायची आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून ती कित्येक दिवस एकमेकांकडे लोळवत राहायचं. नदी तरी वेगळं काय करते?

आमची नदी वाघूर. नशिराबादहून भुसावळकडे निघालात की साकेगावला तुम्ही ती ओलांडता. अजिंठ्याची लेणी ज्या घोड्याच्या नालेसारख्या दरीत कोरली, ती दरी हिचीच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे, आणि पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातून तयार झालेले गारगोटीचे, अकीकाचे गोळे. काळा दगड झिजला की हे गोळे सुटतात आणि नदीला लागतात. म्हणजे साकेगावच्या पात्रात उचललेला खडा अजिंठ्याच्या डोंगरातून आलेला असू शकतो. पण वाघूर धरण झालं आणि वरचा दगडगोटा जलाशयातच अडकू लागला. खाली उरलाय तो बराचसा जुना साठा, आणि तोही वाळूबरोबर ट्रॅक्टरमध्ये चढतो. हल्ली गारगोट्या शोधायची उत्तम जागा म्हणजे नव्या बांधकामापुढचा वाळूचा ढीग. चाळणीवर उरलेले गोटे मजूर बाजूला फेकतात, त्यात हमखास सापडतात. पण ती वाळू गिरणेची, तापीची की वाघूरची? ट्रॅक्टरवाल्याला विचारून बघा. (नका विचारू. त्याला वाटतं तुम्ही तहसीलमधून आलात.)

याच पोकळ्यांत कुठे कुठे स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, ॲपोफिलाइट असे स्फटिक सापडतात. ते पिंपात घालायचेच नाहीत. काठिण्याच्या मोजपट्टीवर गारगोटी ७ वर, ॲपोफिलाइट पाचाच्या खाली, स्टिल्बाइट चाराच्या आसपास. आठवड्यात पीठ होईल. शिवाय त्यांना पॉलिशची गरजही नसते, जमिनीतून येतानाच ते लखलखीत येतात. रावेर तालुक्यातलं आपलं सावदा केळीसाठी प्रसिद्ध, पण जगभरच्या संग्राहकांना ते तिथल्या खाणीतल्या स्फटिकांमुळे माहीत आहे. गंमत अशी की बऱ्याच नमुन्यांखालच्या चिठ्ठीवर सावदा नसतंच. 'जळगाव, इंडिया' एवढंच. जिल्हा म्हणजे चोपड्यापासून मुक्ताईनगरपर्यंत! व्यापारी खाण सांगत नाहीत, कारण त्यावर त्यांचं पोट आहे. ते मी समजू शकतो. हे काही आजचंही नाही. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून रेल्वे काढताना निघालेले स्फटिक विलायतेला गेले, आणि तेव्हाच्या चिठ्ठ्यांवर नुसतं 'पूना' लिहिलं की काम भागत असे. त्या मानाने वाघोलीचं नशीब थोर. निळंशार कॅव्हनसाइट पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, पण आज संग्राहक त्याच्यासोबत नाव घेतात ते आपल्या वाघोलीचं.

माझे वडील विहिरींना सुरुंग लावायच्या कामावर होते. यावल, रावेर, भुसावळ, जामनेर, सगळीकडे फिरले. पाषाणात पोकळी लागली आणि आत काही चमकलं की कागदात गुंडाळून घरी आणत. त्यांच्यामागे एक पत्र्याची पेटी राहिली. तीत एकोणचाळीस पुड्या. एकीत पांढऱ्या सुयांचा झुबका, एकीत फिकट हिरवा ॲपोफिलाइट, एकीत नुसता चुरा. चिठ्ठी एकीतही नाही. वर्तमानपत्राच्या तुकड्यांवरून साल कळतं, १९७८, १९८३. गाव कळत नाही. त्यांना प्रत्येक विहीर पाठ होती, मालकाच्या नावासकट, पाणी किती फुटांवर लागलं त्यासकट. मग लिहिणार कशाला? एका कागदावर तेवढं पेन्सिलीने '४२ फूट' आहे. कुठल्या विहिरीचे, ते सांगणारं आता कोणी नाही.

मध्यंतरी एकजण ती पेटी विकत घ्यायला आला होता. मी म्हटलं, कुठले आहेत ते माहीत नाही. तो म्हणाला, "जळगाव लिहू, चालतं." नाही दिली.

आपल्याकडे हे भान नव्हतं असं मात्र नाही. पंचायतन पूजेतले दगड आठवा. बाण नर्मदेचा, शाळिग्राम गंडकीचा, शोणभद्र शोण नदीचा. माणसाने पॉलिश केलेले नाहीत, पण नदीचं नाव कायम जोडलेलं. देवघरात जे जमलं ते शाळेच्या कपाटात का जमू नये? खानदेशातल्या शाळांमध्ये अजिंठ्याच्या सहली दरवर्षी जातात. तिथे विक्रेते स्फटिक पुढे करतात तेव्हा मुलांनी "कितीला?" च्या जोडीला "कुठला?" विचारलं तरी मी खूश. (नाशिकच्या बाजूला गेलात तर सिन्नरचं 'गारगोटी' संग्रहालय मात्र चुकवू नका.)

असो. माझा नियम एवढाच, की एका घाण्यात एकाच जागेचे दगड. त्यामुळे माझ्या बरण्या जरा कळकट दिसतात, एकीत सगळे करडे, एकीत सगळे मधाच्या रंगाचे. भाचा म्हणतो, "मामा, सगळे एकत्र टाका ना, मस्त रंगीत दिसतील." दिसतील, खरंय. पण तसं करत नाही. बरणीत चिठ्ठी, चिठ्ठीवर जागा, तारीख, उचलणाऱ्याचं नाव, आणि तेही पेन्सिलीने, कारण शाई ओलीत उतरते. सध्या पिंपात साकेगावच्या पुलाखालचे सव्वा किलो आहेत, ५०० नंबरवर. त्यातले तीन भाच्याने उचललेले. चिठ्ठीवर त्याचं नाव घातलंय म्हटल्यावर स्वारी रोज गच्चीवर जाऊन पिंपाला कान लावून येते.