बोट मध्येच सोडावी का?

प्रश्न : लेकीकडे सिअ‍ॅटलला आलोय. तिचे दिवस भरत आलेत, पण अलास्काच्या बोटीची तिकिटं काढलीयत. फोन आला तर जूनोला उतरून विमानाने परतता येईल?

उत्तर : ताई, ही काही एस.टी. नव्हे! एका अमेरिकन बंदरात चढलेल्या उतारूला परदेशी निशाणाच्या बोटीने दुसऱ्या अमेरिकन बंदरात कायमचं उतरवू नये, असा १८८६ चा कायदा आहे. दंड कंपनीला होतो, पण ती तो उतारूकडूनच वसूल करते. कॅनडातल्या व्हिक्टोरियाला हा कायदा आड येत नाही. मात्र भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि बोट तिथे बहुधा शेवटी शेवटी लागते. तेव्हा कंपनीला आधीच लेखी विचारा. खरं सांगू? आधी बाळंतपण पार पडू द्या. मग नातवंडाची दृष्ट काढून निवांत बोटीवर जा.