पायपीआयवरही शुद्धिपत्र जोडता यावे

प्रति,
संचालक मंडळ, पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन



मार्कअपसेफ या छोट्याशा लायब्ररीची २.१.० आवृत्ती फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. तिच्यातून ‘सॉफ्ट_युनिकोड’ हे जुने फंक्शन काढलेले होते. त्याची पूर्वसूचना आधीच दिलेली असल्याने त्यात वावगे काहीच नव्हते. पण जिंजा२ च्या २.११.३ आवृत्तीचे त्या फंक्शनवाचून पान हलत नव्हते, आणि तिच्या मेटाडेटात अट होती ती एवढीच: मार्कअपसेफ ०.२३ किंवा त्यापुढचे कोणतेही. पिपने त्या अटीप्रमाणे सर्वांत नवी आवृत्ती उतरवली. आदल्या दिवशीपर्यंत बिनतक्रार चालणारे फ्लास्कचे जुने प्रकल्प नव्याने इन्स्टॉल करताच ‘इम्पोर्ट एरर’ देऊन बंद पडले.

‘२.१ च्या खालचे’ एवढी अट वाढवली असती तर काम भागले असते. ती वाढवण्याची सोयच पायपीआयवर नाही. मग ज्याने त्याने आपापल्या प्रकल्पात मार्कअपसेफ २.०.१ वर पक्के केले. एकाच जागची दुरुस्ती जगभर ठिकठिकाणी करावी लागली. जिंजाची २.११.४ काढली असती, तरी २.११.३ वर अडून असलेल्यांना तिचा उपयोग नव्हता. पेप ५९२ मधल्या ‘यँक’ने अख्खी आवृत्तीच बाजूला पडते, आणि इथे तर कोडमध्ये खोट नव्हती.

हॅस्केलच्या हॅकेजवर हे काम रोज होते. तिथे प्रसिद्ध झालेल्या पॅकेजच्या अवलंबनांच्या मर्यादा सुधारता येतात, मूळ कोडला हात लागत नाही, आणि प्रत्येक सुधारणा क्रमांकासह सर्वांना दिसते. छापील पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावे तसे. जुनाच निकाल पुन्हा हवा असेल, तर इंडेक्स ठरावीक तारखेला गोठवता येतो.

यातला धोका खरा आहे. एनपीएमवर २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीमच्या अवलंबनांत ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ हे नवे नाव घुसवून बिटकॉइनच्या वॉलेटवर डल्ला मारण्याचा डाव रचला गेला. म्हणून सुधारणेत नवे नाव येता कामा नये, आहे ती मर्यादा फक्त आवळता यावी, आणि मूळ मेटाडेटा त्याच्या हॅशसह तसाच उपलब्ध राहावा.

पेप ६५८ मुळे मेटाडेटा आता व्हीलपासून वेगळा, स्वतंत्र फाइल म्हणून मिळतो. मात्र ती फाइल व्हीलमधल्या मजकुराशी तंतोतंत जुळली पाहिजे, असा नियम आहे. तो सैल करणारा पेप आपण मागवावा, आणि पायपीआयवर तो राबवायला माणसे व पैसा द्यावा, ही आग्रहाची विनंती.